फॉरमॅट मारायच्या आधी डिस्क बघा

प्रश्न : दादा नमस्कार, माझ्याकडे २०१६ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, सहाव्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. ट्यूशनच्या नोट्स, फीचा हिशोब, नातवंडांचे फोटो सगळं त्यातच. सकाळी बटण दाबून पोहे करायला जाते, पोहे खाऊन होतात तरी हा गोल गोलच फिरत असतो. मधेच सगळं अडकतं, माऊस हलतो पण क्लिक घेत नाही. टास्क मॅनेजरमधे डिस्क १०० टक्के लाल. लाईट जाऊन आली की तारीख कुठलीतरी जुनीच दिसते आणि बँकेची साइट उघडत नाही. भाच्याने एक रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंगांची नोंद साफ करतो म्हणणारं सॉफ्टवेअर) टाकून दिला, त्याने पॉपअप तेवढे वाढले. दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारू, नाहीतर नवीन घ्या. काय करू? (रामबाग, इंदूर)

उत्तर : ताई, फॉरमॅट आत्ता अजिबात नको. आधी एक एक्स्टर्नल डिस्क नाहीतर मोठा पेनड्राइव्ह घ्या आणि हिशोब, नोट्स, फोटो ह्याच क्रमाने कॉपी करा, कारण माऊस हलतोय पण क्लिक घेत नाही हे लक्षण मला आवडलेलं नाही. हार्ड डिस्कचा एखादा सेक्टर, म्हणजे माहिती ठेवायचा छोटा कप्पा, खराब झाला की ती तोच परत परत वाचायचा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ विंडोज नुसतं वाट बघत बसतं. कॉपी झाली की क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, ते डिस्कची तब्येत दाखवतं, निळं म्हणजे ठीक, पिवळं दिसलं आणि रिअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर्सचा (बाद झालेल्या किंवा बाद व्हायच्या वाटेवरच्या कप्प्यांचा) आकडा वाढत असला तर ती डिस्क गेलीच समजा. बॅकअपच्या आधी चेकडिस्क (विंडोजमधलंच डिस्क तपासायचं साधन) चालवायला कोणी सांगितलं तरी चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कवर तो अख्खा स्कॅन म्हणजे तिला अजून दमवणं.

आता समजा निळंच आलं. तरी स्लो का? टास्क मॅनेजरमधलं ते १०० टक्के म्हणजे स्पीड नव्हे, डिस्क किती वेळ बिझी आहे ते. तिथेच खाली बघा, कितीदा तरी १०० टक्के असताना स्पीड सेकंदाला जेमतेम १-२ एमबी असतो. तुमच्या डिस्कमधे तबकडी फिरते आणि वाचणारं हेड इकडून तिकडे सरकतं, सेकंदाला शंभरेक ठिकाणी पोचलं तरी खूप झालं, आणि विंडोज १० ला चालू होताना हजारो बारीक बारीक फाइली लागतात. त्यात रॅम ४ जीबी, क्रोममधे चार टॅब उघडले की ती भरते आणि उरलेला पसारा विंडोज त्याच डिस्कवर टाकतं. म्हणून फॉरमॅट मारून आठ-पंधरा दिवस बरं वाटेल आणि मग येरे माझ्या मागल्या.

खर्च करायचाच तर २५६ जीबीचा साटा एसएसडी (तबकडी न फिरवता चिपवर साठवणारी डिस्क, साटा हा तिच्या जोडणीचा प्रकार) घ्या आणि रॅम ८ जीबी करा. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमधे जाल तेव्हा जुनी रॅमची पट्टी काढून बरोबर न्या, कारण त्या पिढीच्या बोर्डात डीडीआर३ एल पण असते आणि डीडीआर४ पण, चुकीची घेतली तर बसतच नाही. विंडोज एसएसडीवर नव्याने टाकून घ्या, जुनी डिस्क निरोगी निघाली तर फोटोंसाठी आतच राहू दे.

तारखेचा प्रकार वेगळाच आहे, त्याचा स्लोपणाशी संबंध नाही. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाचा नाण्यासारखा सेल असतो, तो संपला की लाईट गेल्यावर घड्याळ विसरतं, आणि तारीख चुकली की ब्राउझरला बँकेच्या साइटचं सर्टिफिकेट खोटं वाटतं. सेल स्वस्त आहे, घड्याळवाल्याकडे पण मिळतो. रजिस्ट्री क्लीनर आजच काढा, ती असली सॉफ्टवेअरं वापरा असं खुद्द मायक्रोसॉफ्ट पण म्हणत नाही.

एक मात्र आहे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे तुमचा बसत नाही. बँकेचं काम ह्याच मशीनवर करायचं असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचा विचार करा, हिशोब लिब्रेऑफिस ह्या ऑफिससारख्या फुकट सॉफ्टवेअरमधे होतो, एक्सेलच्या फाइली उघडतात.

प्रश्न : लॅपटॉप रोज रात्री शट डाऊन करतो तरी चार दिवसांनी जड होतो, रिस्टार्ट केला की बरा. असं का? (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, त्यामुळे शट डाऊन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात पण विंडोजचा आतला गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलतात, म्हणजे अडकलेला ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) तसाच अडकलेला. रिस्टार्टमधे सगळं नव्याने सुरू होतं. कंट्रोल पॅनलमधे पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटण काय करेल ते निवडायचा पर्याय, त्यात टर्न ऑन फास्ट स्टार्टअपची टिक काढा. एसएसडी असेल तर फरक कळणारही नाही.