डेक काढायचा आहे, पण बोळ चुलत्यांचा!

प्रश्न : अंबाजोगाईच्या जुन्या वस्तीत आमचं घर आहे. आजोबांच्या काळात वाड्याची वाटणी झाली, शेजारचा भाग चुलत्यांकडे गेला. वडिलांनी परसबागेत घातलेला लाकडी डेक आता वाळवीनं खाल्लाय. परवा आईचा पाय फळीतून आत गेला. तो काढून टाकायचा आहे, पण लाकूड बाहेर न्यायला सोयीचा रस्ता एकच : चुलत्यांचा तीन फुटी बोळ. वडिलांनी लाकूड आणलं तेही याच बोळातून, त्यांना विचारूनच. आता चुलते म्हणतात, डेकखाली साप-विंचू होतात, तो आधी काढा. पण बोळाचं कुलूप काढत नाहीत. आमच्या घरातून न्यायचं तर माजघर आणि स्वयंपाकघर ओलांडावं लागतं, लांब तुळया वळत नाहीत. कुणी म्हणतं तहसीलदाराकडे जा, कुणी म्हणतं कुलूप तोडा. काय करावं?

उत्तर : आधी परसदाराला कडी घाला आणि आईंना त्या डेकवर पाऊल ठेवू देऊ नका. वाळवी लागलेली फळी वरून शाबूत दिसते, आतून भुसा झालेली असते.

कुलूप अजिबात तोडू नका. चुलत्यांनी पोलिसांत तक्रार दिली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 329, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत बेकायदा शिरणं, तुमच्यावर लागू शकतं. तहसीलदाराकडेही हे काम होणार नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143 हे शेतरस्त्यांसाठी आहेत. आपल्याकडे बांधावरच्या रस्त्याचे अर्ज इतके होतात, की गावठाणातल्या घराच्या वाटेलाही तोच उपाय असेल असं लोकांना वाटतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 मध्ये. सुविधाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून वाटेसारखी सोय मिळण्याचा हक्क. वाड्याची वाटणी झाली असल्यामुळे तुम्हाला कलम 13 कुणीतरी सांगेल : मूळ मिळकत एकाची, वाटणीनंतर एका हिश्श्याला दुसऱ्यातून गेल्याशिवाय गत्यंतरच नसेल, तर गरजेपोटी वाट मिळते. इथे ‘गत्यंतरच नसेल’ हे शब्दशः घ्यायचं. तुमच्या परसात जायला तुमच्याच घरातून दार आहे. ते अडचणीचं आहे, पण आहे. गैरसोय म्हणजे कायद्यातली गरज नव्हे.

दुसरा आधार कलम 15. वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापर झाला असेल, आणि ती वीस वर्षं दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपत असतील, तर वहिवाटीचा हक्क मिळतो. पण तुम्हीच लिहिलंय, वडिलांनी विचारून लाकूड आणलं. परवानगीनं झालेला वापर हक्क म्हणून झालेला धरत नाहीत. वर्षं कितीही गेली तरी.

एक शक्यता मात्र सोडू नका : वाटणीपत्र. आजोबांच्या काळातला कागद निजामी राजवटीतला असेल तर उर्दूत असण्याचा संभव आहे. जाणकाराकडून तो पूर्ण वाचून घ्या, चतुःसीमांशी थांबू नका. त्यात बोळ सामाईक आहे किंवा तुमच्या हिश्श्याला जाण्या-येण्याची मुभा आहे असं असेल, तर चित्रच पालटतं. भूमी अभिलेख कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि नकाशाही काढा. बोळ कुणाच्या क्षेत्रात दाखवलाय ते तिथे कळेल.

कागदात काही निघालं नाही तर दावा लावू नका, असंच मी सांगेन. मनाईहुकूम, साक्षी, अपील या सगळ्यात वर्षं जातील आणि तोवर तो डेक आपोआप कोसळेल. डेक निघावा ही चुलत्यांचीही इच्छा आहे, हे तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं बळ. पोचपावतीसह टपालानं त्यांना नम्र पत्र पाठवा : डेक काढायला आम्ही तयार आहोत, अमुक दोन दिवस सकाळी नऊ ते पाच बोळ उघडून द्यावा, नुकसान झाल्यास भरून देऊ. उद्या त्यांनी उपद्रवाचा दावा केलाच, तर अडवणूक कुणाची होती हे या पत्रावरून दिसेल.

ते तयार झाले तर कोरडा होकार घेऊ नका. 500 रुपयांच्या मुद्रांकावर परवानगीपत्र करा. सुविधाधिकार अधिनियमाच्याच कलम 52 प्रमाणे ही ‘अनुज्ञा’, म्हणजे नुसती परवानगी होते, हक्क नव्हे, आणि तसं स्पष्ट लिहिलं की चुलत्यांची भीती जाते. आज बोळ दिला तर कायमचा जाईल ही धास्तीच कुलपामागे असते. पत्रात सुतार आणि मजुरांचा उल्लेख हवाच, कारण कलम 56 नुसार वेगळं ठरलेलं नसेल तर अनुज्ञा नोकर किंवा प्रतिनिधी वापरू शकत नाहीत. हे बऱ्याच कागदांत राहून जातं आणि भांडण पहिल्याच दिवशी बोळाच्या दारात उभं राहतं. मधेच परवानगी काढून घेतली, तरी कलम 63 प्रमाणे तिथे ठेवू दिलेला माल उचलायला वाजवी वेळ मिळतो. अनामत किती, भिंतीला ओरखडा गेला तर रंगकाम कुणाचं, हेही लिहा. काम सुरू होण्याआधी दोघांनी मिळून बोळाच्या दोन्ही भिंतींचे फोटो काढा.

होकार मिळालाच नाही तर घरातून काढा. फळ्या स्क्रू काढून सोडवायच्या, तुळया जागेवरच करवतीनं तीन-तीन फुटांच्या करायच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातून वळतात. तुळयांची टोकं सामाईक भिंतीत घातलेली असतील तर पहारेनं उपटू नका. भिंतीलगत कापा, आतला तुकडा गवंड्याकडून छिन्नीनं काढून भोक बुजवून घ्या. जुन्या दगडी भिंतीचा चिरा हलला, तर नुकसानभरपाईचा दावा तुमच्यावर येईल. सकाळच्या उजेडात, बूट आणि हातमोजे घालूनच खालचा थर उचलायचा. साप दिसला तर काम थांबवून सर्पमित्राला बोलवा. लाकडाला वाळवीचं रसायन लावलेलं असेल तर ते बंबात किंवा चुलीत घालू नका, काहींत आर्सेनिक असतं. राडारोडा रस्त्यावर किंवा नालीत टाकू नका, कुठे न्यायचा ते नगरपरिषदेत विचारा.

बोळ वापरलात तर शेवटच्या दिवशी तो झाडून द्या, आणि त्याच परवानगीपत्राच्या खाली ‘बोळ पूर्ववत मिळाला, अनामत परत केली’ असं लिहून दोघांच्या सह्या घ्या.