ऊस तोच, मग भीती कुठे गेली?

मागच्या लेखात जाता जाता लिहून गेलो होतो की भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग म्हणजे शिळी भजी, परत तळली तरी कुरकुरीत होत नाहीत. सांगलीकरांनी ते मनावर घेतलं. महिनाभर मंडईत, बँकेच्या रांगेत, एसटी स्टँडवर लोक अडवून जाब विचारताहेत. काहींनी लिहून पाठवलं, त्यातल्या सातजणांना इथे उत्तर देतो. शेवट फोडल्याशिवाय या विषयावर बोलता येत नाही. तेव्हा ज्यांचे सिनेमे पाहायचे राहिलेत त्यांनी आपापल्या जबाबदारीवर वाचावं.

'लपाछपी' पाहिल्यावर आठवडाभर मी रात्रीच्या पाण्याच्या पाळीला एकटा गेलो नाही. 'छोरी २' मात्र जेवता जेवता बघून संपवला. माझं वय वाढलं की सिनेमा कमी पडला? (एक शेतकरी, वाळवा तालुका)

वयाचा काही दोष नाही. 'लपाछपी' २०१७ साली थिएटरात लागला. २०२१ मध्ये त्याचाच हिंदी अवतार 'छोरी' आला आणि एप्रिल २०२५ मध्ये 'छोरी २'. तिन्हींचे दिग्दर्शक विशाल फुरियाच. त्यामुळे 'दुसऱ्याच्या हातात गेला म्हणून बिघडला' असं म्हणायलाही जागा नाही. बदललं ते ठिकाण.

उसाबद्दल तुम्हाला मी काय सांगायचं? पण पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो. गणपतीच्या सुमाराला ऊस डोक्याच्या वर गेला की दोन सऱ्यांपलीकडचा माणूस दिसत नाही. दिसत नाही म्हणून कान लावावे लागतात. वाऱ्याने पाचट वाजलं तर सगळा फड एकदम सळसळतो. आत काही असलं तर एकाच जागी वाजतं, थांबतं, आणि मग थोडं पुढे वाजतं. बिबट्याचा वावर असलेल्या तुमच्या भागात या दोन आवाजांतला फरक शाळकरी पोरालाही कळतो. 'लपाछपी'ने नेमकं हेच उचललं. गरोदर बाई, उसाच्या मधोमध एक घर, पोरांचा खेळण्याचा आवाज आणि बाहेर जायची वाट फिरून फिरून त्याच घरापाशी येणारी. भुताचं तोंड दिसायच्या आधीच तुम्ही अर्धे घाबरलेले होता, कारण निम्मा सिनेमा तुम्ही घरूनच पाहून आला होता.

'छोरी २'मध्ये त्या बाईची मुलगी पळवली जाते आणि गोष्टीचा मोठा भाग जमिनीखालच्या भुयारात उतरतो. भुयार भीतीदायक असतं हे आपल्याला सिनेमांनी शिकवलंय. ऊस भीतीदायक असतो हे सिनेमाच्या आधीपासून माहीत होतं. शिवाय पहिल्यातली म्हातारी जेवायला वाढते, विश्रांती घे म्हणते, डोक्यावरून हात फिरवते. आपल्याकडची कुठलीही मावशी असावी तशी. ती काय करणार आहे हे कळेपर्यंत तिच्या हातचं आपणही जेवलेले असतो. दुसऱ्या भागातली दासी माँ पडद्यावर आली की तिच्या थाटावरूनच कळतं, ही वाईट. सोहा अली खान यांनी काम मन लावून केलंय, पण संशय घ्यायला वेळच मिळत नाही.

तुम्ही जेवता जेवता पाहिलात याचं मला नवल वाटत नाही.

'स्त्री २'ने 'स्त्री'पेक्षा कितीतरी जास्त गल्ला जमवला. तरी तुम्ही पहिल्यालाच डोक्यावर घेता. लोक काय खुळे आहेत? (वाचक, जत)

लोक खुळे नाहीत, मीही भरल्या थिएटरात बसून खळखळून हसलोय. पण तुम्ही जतचे, तुमच्याकडे कन्नड घरात नसली तरी शेजारी असतेच. 'नाळे बा' म्हणजे 'उद्या ये'. नव्वदच्या दशकात कर्नाटकात लोकांनी घराच्या भिंतींवर हे लिहिलं होतं. रात्री दार ठोठावणाऱ्या बाईने ते वाचावं आणि परत जावं म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचायचं, पुन्हा परत. २०१८ च्या 'स्त्री'ने ही कल्पना चंदेरीत नेली आणि तिच्यातली गंमत नीट ओळखली. हे भूत वाचतं, आणि लिहिलेलं पाळतं. त्याहून मोठी गंमत अशी की घाबरतात ते पुरुष. 'रात्री एकटा बाहेर पडू नकोस' हे वाक्य बायको नवऱ्याला सांगते. हसता हसता पुरुष प्रेक्षकाच्या पाठीवरून काटा जातो, कारण असं घाबरायची त्याला सवय नसते. शेवटी भिंतीवरचा मजकूर बदलतो आणि तिथे 'रक्षा करना' येतं.

२०२४ च्या दुसऱ्या भागात सरकटा, म्हणजे मुंडकं नसलेलं भूत, येतो आणि स्वतंत्र वागणाऱ्या मुलींना उचलून नेतो. म्हणजे भीती पुन्हा आपल्या नेहमीच्या वाटेला लागली. बाई धोक्यात, चला वाचवायला. दिग्दर्शक अमर कौशिकच आहेत, पण पहिला राज आणि डीके यांनी लिहिला होता, दुसरा निरेन भट्ट यांनी. विनोद दुसऱ्यात जास्त आहेत, चौघांची टोळी आता मुरलीय, टाळ्या-शिट्ट्यांच्या जागा बरोबर पेरल्यात. जत्रेतल्या मोठ्या पाळण्यासारखा आहे तो. बसायला मजा येते, उतरल्यावर सोबत घरी येत नाही.

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. भुताच्या सिनेमांवर माझा सरसकट राग नाही, पण 'भूल भुलैया'चं दुसऱ्या भागात काय केलं ते पाहून चीड आली. तुम्हाला नाही आली? (एक कार्यकर्ते, ईश्वरपूर)

आली. ज्या साताऱ्याने दाभोलकर दिले त्याच्या शेजारी राहून ती यायलाच हवी.

२००७ चा 'भूल भुलैया' हा १९९३ च्या मल्याळम 'मणिचित्रताळ'वरून केलेला. त्याचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे. वाड्यात भूत नाही. एक आजारी मुलगी आहे, तिच्या मनाने स्वतःला मंजुलिका, म्हणजे वाड्यातल्या जुन्या गोष्टीतली मेलेली नर्तकी, मानलंय आणि तिला बरं करायला डॉक्टर आलाय. मांत्रिकाचा सगळा थाटमाट शेवटी उपचाराचा भाग म्हणून वापरला जातो. थरार पुरेपूर, आणि भूत एकही नाही. २०२२ मध्ये त्याच नावाने दुसरा भाग आला आणि त्यात मंजुलिका खरोखरच चेटकीण निघाली, आणि खोलीत कोंडलेलं भूतही खरं. गोष्टीचा पहिल्याशी संबंध नाही, पात्रं बहुतेक नवी. मग नाव का घेतलं? कारण नाव विकलं जातं, आणि ते गाणंही.

तब्बूने दुहेरी भूमिकेत जे केलंय त्यासाठी तो मी पुन्हा पाहीन. पण पहिल्या सिनेमाने जे खोडून काढलं तेच दुसऱ्याने खरं ठरवलं, याला सिक्वेल म्हणायला जीभ रेटत नाही. तुमच्या शिबिरात दोन्ही लागोपाठ दाखवा, चर्चेला दुसरा विषय लागणार नाही.

पहिला न पाहता दुसरा पाहिला तर चालतो का? (कॉलेजची विद्यार्थिनी, सांगली)

हिंदीत बहुतेक वेळा चालतो. २००२ चा 'राज' आणि २००९ चा दुसरा 'राज' यांच्यात नाव सोडून काही समान नाही. इंग्रजी किंवा जपानी असेल तर आधी पहिला पाहा.

१९९३ चा 'झपाटलेला' मी लहानपणी चुलत भावंडांच्या घोळक्यात पाहिला. तात्या विंचूची अजून धास्ती आहे. लेकाला 'झपाटलेला २' दाखवला तर म्हणाला, 'बाबा, हे तर कार्टून आहे.' थ्रीडी असूनही असं का? (वाचक, मिरज)

त्या 'असूनही'च्या जागी 'म्हणून' घाला, उत्तर तिथेच आहे.

आधी माझी एक गोष्ट. आमच्या गल्लीच्या मंडळाने एका गणपतीत विजेच्या दोन खांबांना पांढरं कापड बांधून 'पुराना मंदिर' लावला होता. रामसे बंधूंचा, १९८४ चा. पुढची जागा मोठ्यांनी आधीच पोती टाकून धरलेली. आम्ही पोरं कापडाच्या मागच्या बाजूला बसलो. तिथून नावं उलटी दिसायची आणि चित्र कापडातून झिरपून आल्यासारखं अंधुक. त्यातल्या राक्षसाचं, सामरीचं, तोंड काही केल्या नीट दिसेना. डोळे लाल आहेत एवढं कळायचं, बाकीचं आम्ही मनाने भरलं. त्या रात्री परसात जायला कोणी तयार नव्हतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या मंडळाने तोच सिनेमा लावला, या वेळी पहिल्या रांगेत जागा मिळाली, सामरी ठसठशीत दिसला आणि आम्ही हसलो.

थ्रीडी तेच करतं, सामरीला पहिल्या रांगेत आणून बसवतं. आणि बघा, मालिका थकली की निर्मात्यांना हमखास तिसरी मिती आठवते. रामसेंनी 'पुराना मंदिर'च्या दुसऱ्याच वर्षी सामरीला थ्रीडीत आणलं. अमेरिकेत 'फ्रायडे द थर्टीन्थ'चा तिसरा भाग १९८२ मध्ये, 'जॉज'चा तिसरा १९८३ मध्ये, दोन्ही थ्रीडी. आपला 'झपाटलेला २' २०१३ चा.

पण तुमच्या लेकाच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या 'झपाटलेला'त रामदास पाध्यांचा बाहुला जेवढा घाबरवतो, तेवढेच लक्ष्मीकांत बेर्डेही घाबरवतात. बाहुला बोलतो हे लक्ष्या जीव तोडून सांगतो आणि कोणी विश्वास ठेवत नाही. लहान मुलाला याहून भयंकर काही माहीत नसतं, खरं सांगायचं आणि मोठ्यांनी हसायचं. लक्ष्या २००४ साली गेला. दुसऱ्या भागात त्याने रंगवलेल्या पात्राचा मुलगा आहे, पण तोवर थिएटरातल्या प्रत्येकाला तात्या विंचू ठाऊक होता. मी पाहिला त्या खेळाला त्याच्या एंट्रीला शिट्ट्या पडल्या, मागून कोणीतरी 'ओम फट स्वाहा' ओरडला. एकदा खलनायकाला शिट्टी मिळाली की तो घरचा झाला. घरच्याला कोण भिणार?

नुसती नावं ठेवू नका. पहिल्यापेक्षा बरा असा एक तरी दुसरा भाग सांगा. (निवृत्त शिक्षक, विटा)

गुरुजी, एक नाही, दोन सांगतो, आणि एक फजितीही.

१९७९ च्या 'एलियन'मध्ये यानात एकच जीव होता, तो कुठे आहे हे कळत नव्हतं. जेम्स कॅमेरॉन यांनी १९८६ मध्ये 'एलियन्स' केला आणि जीव शेकड्यांनी आणले, पण सोबत सिनेमाचा प्रकारच बदलला. तो लढाईचा सिनेमा झाला. पहिल्याशी स्पर्धाच टाळली, हे शहाणपण.

दुसरा माझ्या आवडीचा, 'सायको २'. हिचकॉक १९८० मध्ये वारले, १९६० च्या त्यांच्या 'सायको'ला हात लावणं म्हणजे देवळाच्या कळसाला रंग देण्यासारखं. रिचर्ड फ्रँकलिन यांनी १९८३ मध्ये ते धाडस केलं. पहिल्यातला खुनी नॉर्मन बावीस वर्षांनी बरा झाला म्हणून सुटतो, त्याच घरी येतो, हॉटेलात कामाला लागतो. आणि मेलेल्या आईच्या चिठ्ठ्या यायला लागतात. पहिल्यात आपण त्याच्यापासून पळत होतो. इथे तो चाकूने सँडविच कापतो तेव्हा आपण मनात म्हणतो, बाबा रे, जपून. खुनी कोण हे माहीत असूनही भीती उरते. फक्त ती आता त्याच्यासाठी वाटते. नॉर्मन झालेल्या अँथनी पर्किन्स यांचा चेहरा तेवीस वर्षांनी जुना झालेला, त्याचाही उपयोग होतो. 'सायको'पेक्षा थोर आहे असं मी म्हणणार नाही, पण दुसरा भाग कसा करावा हे शिकायचं तर त्याच्याकडूनच.

आता फजिती. जानेवारी १९९८ मध्ये जपानात 'रिंगू' आणि त्याचाच पुढचा भाग 'रासेन' एकाच दिवशी, जोडीने प्रदर्शित झाले. दिग्दर्शक वेगळे. 'रिंगू'त शापित व्हिडिओ कॅसेट आहे, पाहणारा सात दिवसांनी मरतो, का मरतो ते पुरतं कळत नाही. 'रासेन'मध्ये शवविच्छेदन करणारा डॉक्टर येतो आणि त्या शापामागे विषाणू निघतो. प्रेक्षकांनी पहिला डोक्यावर घेतला आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली. मग निर्मात्यांनी 'रासेन' जणू झालाच नाही असं धरून पुढच्या वर्षी 'रिंग २' नव्याने काढला. आपल्याकडे लग्न मोडलं की पहिल्या पत्रिका गुपचूप बंबात जातात, तसंच.

'तुंबाड'चा दुसरा भाग येणार म्हणतात. येऊ द्यावा की नको? (वाचक, तासगाव)

२०१८ मध्ये थिएटरं रिकामी होती, सप्टेंबर २०२४ मध्ये तोच सिनेमा पुन्हा लागला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त पैसे मिळाले. दुसऱ्या भागाची घोषणा त्याच सुमाराला झाली. आपण विचारून कोण थांबणार?

माझी धाकधूक वेगळी आहे. 'तुंबाड'मध्ये सिक्वेल आधीच होऊन गेलाय. विनायक वर्षानुवर्षं कणकेची एक बाहुली घेऊन विहिरीत उतरतो. एक बाहुली, एक हस्तर, म्हणजे तिथला भुकेला राक्षस. तो कणीक खायला वाकतो तेवढ्यात चार मोहरा काढायच्या आणि दोर धरून वर. मग पोरगा सुचवतो, जास्त बाहुल्या नेऊ, जास्त वेळ मिळेल. दोघं अंगभर बाहुल्या घेऊन उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर वरून टपाटपा पडतात. शेवटी बाप सोन्याची थैली पुढे करतो आणि पोरगा ती घेत नाही. ज्या गोष्टीत शेवटचा माणूस 'नको' म्हणतो ती पुढे कशी नेणार, हे मला पाहायचंय. लेखकांनी एकच बाहुली घेऊन उतरावं एवढी इच्छा.

लागला की पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला मी असेनच. तासगावहून येणार असाल तर वाटेत भडंग घ्या. आत नेऊ देत नाहीत, पण इंटरव्हलला बाहेर उभं राहून खाता येतं.