एकच डिझायनर आणि तीन प्रोजेक्ट, आधी कोणाचं काम घ्यायचं?

तुम्ही लिहिलंय की तिन्ही क्लायंटना महिनाअखेर काम हवंय, डिझायनर एकच आहे आणि साहेब म्हणतात, ‘तिन्ही थोडं थोडं पुढे सरकवा.’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी आणि दादा मिळून जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून द्यायचा गाळा चालवायचो. लेथ तीन, पण व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, एकच आणि त्यावर काम लावून देणारा सेटरही एकच. २०१८ च्या पावसाळ्यात एका मोठ्या कंपनीची १२० हाऊसिंगची, म्हणजे मशीनच्या कवचांची ऑर्डर आली. त्याच आठवड्यात तुर्भ्याच्या एका पॅकिंग मशीनवाल्याचे २० सीलिंग जॉ, म्हणजे पाकिटं चिकटवणारे जबडे आले. दादाने बोर्डावर दोन्हींपुढे लाल खडूने ‘अर्जंट’ लिहिलं. गाळ्यात त्याच्या लेखी अर्जंट नसलेलं काम नव्हतंच.

व्हीएमसीवर सकाळी हाऊसिंग, दुपारी फोन आला की ते उतरवून जॉ, संध्याकाळी पुन्हा हाऊसिंग. दर वेळी एक पकड काढा, दुसरी चढवा, डायल लावून सरळ करा, झीरो घ्या, म्हणजे माप कुठून सुरू होतं ते मशीनला दाखवा. तीन तास त्यातच. तिसऱ्या दिवशी रात्री दमलेल्या सेटरकडून झीरो घेताना पॉइंट झीरो आठ मिलिमीटरची चूक झाली आणि अकरा हाऊसिंग भंगारात गेली. दादा त्याच्यावर ओरडला. मी गप्प उभा होतो.

घरी येऊन मी आकडे मांडले. माल वजा जाता हाऊसिंगमागे २४० रुपये सुटत होते, वेळ ४० मिनिटं. म्हणजे ८० तासांत २८,८०० रुपये, तासाला ३६०. जॉमागे सुटत होते ६०० आणि वेळ ४८ मिनिटं, म्हणजे १६ तासांत १२,०००, तासाला ७५०. जॉ दोन दिवसांत सलग संपवून मग हाऊसिंग लावली असती तर दोघांनाही माल वेळेत गेला असता. दादा म्हणाला, ‘मोठं गिऱ्हाईक हातचं जाईल.’ ऑर्डर मोठी म्हणजे नफा मोठा, हे त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. त्या मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे चौथ्या महिन्यात दिले. २००६ च्या कायद्याने छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं असतं. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. दादा म्हणे, कायदा दाखवला तर पुढची ऑर्डर देणार नाहीत. पुढची ऑर्डर तशीही आली नाही. गणपतीत भेटलो की अजून ऐकवतो, ‘तुझ्या हिशोबापायी गेले ते.’

तर तुमच्याकडे व्हीएमसी म्हणजे तो डिझायनर. बाकीचे सगळे मोकळे बसले तरी बसू देत, त्याचा तास महत्त्वाचा. प्रत्येक प्रोजेक्टमधून सुटणारे पैसे त्याला लागणाऱ्या तासांनी भागा, ज्याचा आकडा मोठा ते आधी घ्या आणि संपेपर्यंत त्याला दुसरं काही देऊ नका. ‘थोडं थोडं’ म्हणजे तिन्ही उशिरा.

हां, करारात उशिराचा दंड लिहिला असेल तर तो आधी बघा, तिथे हा भागाकार चालत नाही. आणि तासांचा आकडा साहेबांना विचारू नका, त्या डिझायनरला विचारा. आमच्या सेटरला कोणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.