इंजिन जागीच फिरतंय? मोटर बदलू नका
प्रश्न : इथे लेस्टरला जुन्या सामानात रुळांमध्ये १६.५ मिलिमीटर अंतर असलेल्या ओओ गेजचं (मॉडेल रेल्वेचं एक माप) वाफेच्या इंजिनाचं विजेवर चालणारं मॉडेल मिळालं. एकटं पळतं, पण तीन डबे जोडले की चाकं जागीच फिरतात. शिवाय गुरगुरतं. नवी मोटर टाकू का?

उत्तर : अहो, चाकं फिरतायत म्हणजे मोटर ओढतेय, पकड सुटलीय. एखाद्या चाकाच्या कडेला खाच दिसते का पाहा. तिच्यात रबराची पातळ कडी असते, ट्रॅक्शन टायर. ती म्हातारी झाली की कडक होते, तडकते. सुईने उचकटा, खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मॉडेल क्रमांक सांगून नेमक्या मापाची कडी मागवा. गोंद अजिबात नको. उंचवटा राहिला की इंजिन लंगडतं. रबराच्या चाकातून रुळांतली वीज येत नाही, म्हणून बाकीची चाकं लखलखीत हवीत.

गुरगुरीसाठी कार्बन ब्रश, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे, बघा. झिजून आखूड झाले असतील तर जोडीनेच बदला. उघडताना हात पारदर्शक पिशवीत ठेवा, ब्रश दाबून धरणारी स्प्रिंग फार उडाणटप्पू! काळ्या पडलेल्या कम्युटेटरला (मोटरचा फिरता भाग, ज्यावर ब्रश घासतात) पॉलिश पेपर लावणाऱ्यांचा मला राग येतो. ओरखड्यांनी नवे ब्रशही खाल्ले जातात. अल्कोहोलात भिजवलेली कापसाची काडी पुरते. तेल बेअरिंगला, सुईच्या टोकाएवढंच.