पुरातल्या कपड्यांची गोधडी करताय तर हे वाचा

ताई, आधी गाळ नीट काढा, दोनतीनदा धुवून ऑक्टोबरच्या कडक उन्हात पूर्ण वाळवा, नाहीतर कुबट वास येतो आणि मग गोधडी कोणी अंगावर घेत नाही. सुती लुगडी, धोतरं घ्या, नायलॉन सरकतं. चार कोपऱ्यांना चौघी बसवा, आधी कच्चे टाके, मग कडेने धावदोरा घालत आत या.

२०१९ च्या पुरात नाशिकला गोदावरीचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्याही वर गेलं तो विषय मुद्दाम काढू नका, हात चालू लागला की बायका आपणहून बोलतात, नाही बोलल्या तरी चालतं, चहा द्या. विचारल्याशिवाय कोणाचं लुगडं फाडायचं नाही, आईचं असतं ते, सासूचं असतं. आणि कोणाचे टाके वाकडे आले तर उसवू नका, तिच्यासमोर तर नाहीच.