चांगले प्लेयर विकून पण टीम टिकते का?

प्रश्न: शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघतच मोठा झालो, रात्री जागून युरोपातलं फुटबॉल पण बघतो. हॉलंड, नॉर्वेच्या लीगमधले चांगले प्लेयर मोठे क्लब दरवर्षी उचलून नेतात, मग या लीग तग धरतात कशा?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: मित्रा, प्लेयर जाणार हे तिथले शहाणे क्लब आधीच धरून चालतात. नॉर्वेचा बोडो ग्लिम्ट बघ, पार आर्क्टिक सर्कलच्या वर, जेमतेम ५०-५५ हजार वस्तीचं गाव. सप्टेंबर २०२० मध्ये इटलीच्या एसी मिलान क्लबकडे जाऊन ३-२ ने हरले, पण त्यांच्या हाऊगेनं गोल मारला आणि आठवडाभरात मिलाननं त्यालाच नेलं, ते पण नॉर्वेची लीग चालू असताना! तरी त्याच वर्षी ग्लिम्ट पहिल्यांदा लीग चॅम्पियन झाले, पुढं झिंकरनागेल गेला, युंकर गेला, आणि ऑक्टोबर २०२१ ला याच टीमनं नामांकित कोच मोरिन्योच्या इटालियन क्लब रोमाला ६-१ धुतलं. मला विचारशील तर याचं मोठं श्रेय कोच क्नुत्सेनला, तो २०१८ पासून तिथंच आहे, खेळायची पद्धत तीच, त्यामुळं नवीन पोरगं आलं की पटकन बसतं. आणि गेलेले परत पण येतात, बर्ग २०२२ ला आला, हाऊगे २०२४ ला.

आता हॉलंडचा अयाक्स क्लब बघ. २०१९ ला डी योंग आणि डी लिख्त गेले, प्रत्येकी साडेसात कोटी युरोच्या आसपास मिळाले, तरी कोच टेन हाग राहिला म्हणून २०२१ आणि २०२२ ला परत चॅम्पियन. पण २०२२ च्या उन्हाळ्यात टेन हाग पण गेला, मार्टिनेझ, ग्राव्हेनबर्ख, हालर गेले, आणि लीग सुरू झाल्यावर अँटनी साडेनऊ कोटीला गेला. खजिना भरला, टीम मोडली, ऑक्टोबर २०२३ मध्ये अयाक्स चक्क तळाला! एवढा पैसा नवीन प्लेयरवर घाईत खर्च करून काय होणार, विकणाऱ्या क्लबला माहीतच असतं की यांचा खिसा गरम आहे.

पैशाची वाटणी मात्र मला आवडते. डी योंगला विलेम टू या डच क्लबनं अयाक्सला १ युरोला दिलं होतं, पण पुढच्या विक्रीत १० टक्के हिस्सा लिहून घेतला. शिवाय फिफाचा नियमच आहे की, प्लेयर एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांना जातात. आपल्याकडच्या क्लबांनी पोरांचं रजिस्ट्रेशन लहान वयापासून नीट ठेवावं ते यासाठीच, कागद नसेल तर हक्क असून पैसे मागणार कशाच्या जोरावर?