अमेरिकेतल्या खेड्यातल्या छोट्या स्कूल डिस्ट्रिक्टचा कारभार कोण बघतं, पैसा कुठून येतो?

स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. तिचा कारभार बघतं लोकांनी निवडून दिलेलं स्कूल बोर्ड, आणि पैसा मुख्यतः दोनच ठिकाणांहून येतो, तिथल्या घरं-जमिनींवरचा प्रॉपर्टी टॅक्स आणि राज्य सरकारची मदत, केंद्राचा वाटा त्यामानाने बराच कमी. मी न्यूयॉर्क राज्यात खेड्यात राहते, दर मे महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी शाळेच्या जिममध्ये मत द्यायला जाते आणि ते मत नुसतं मेंबर निवडायला नसतं, पुढच्या वर्षाचं अख्खं बजेटच आमच्यापुढे मंजुरीला असतं. बोर्डाचे लोक बिनपगारी, ते सुपरिंटेंडंट नेमतात आणि रोजचं काम तो बघतो. बजेट मतदानात दोनदा नामंजूर झालं तर टॅक्सची एकूण वसुली गेल्या वर्षापेक्षा वाढवता येत नाही, मग काटछाट आलीच. म्हणून प्लीज, तिथे राहत असाल आणि मताधिकार असेल तर मत द्याच, एवढ्याशा डिस्ट्रिक्टमध्ये थोड्या मतांनीही निकाल फिरतो. जिथे जमिनीला भाव नाही तिथे राज्याची मदत निम्म्याहून जास्तही असते, तोच खरा आधार. फक्त प्रत्येक राज्याचे नियम वेगळे हे लक्षात ठेवा, हवाईत तर अख्ख्या राज्याचं मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे.